रुसूबाईतले काका

बिघाडताई नोकरी कसली करते, हे तिच्या शेजारणीला शेवटपर्यंत कळलं नाही. कंप्युटरचं काहीतरी आहे, एवढं कळलं होतं. एकदा जिन्यात गाठून तिने नीटच विचारलं, की रोज तिथे जाऊन तू करतेस तरी काय. ताई म्हणाली, लोक बनवतात आणि मी मोडून बघते. शेजारीण "बरं बरं" म्हणाली आणि त्या दिवसापासून तिने आपली काचेची भांडी ताईला उसनी द्यायचं बंद केलं.

आता हे काम आधी समजावून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. तुम्ही दुकानातून काही मागवता, डॉक्टरची वेळ घेता, नाहीतर पासवर्ड विसरून कपाळाला हात लावून बसता. लगेच तुमच्या मेलमध्ये एक निरोप येऊन पडतो. तो निरोप ॲप स्वतः आणून देत नाही. ते तो मेल सर्व्हरच्या हातात ठेवतं आणि पुढे पोचवायचं काम सर्व्हर करतो. ॲप बनवणारी मंडळी कामात हुशार, पण मनाने भाबडी. त्यांना वाटतं, दिलं म्हणजे पोचलं. सर्व्हर कधी दार लावून बसेल, कधी ऐकता ऐकता मध्येच उठून जाईल, हे त्यांच्या मनातही येत नाही. मग एक दिवस खराखुरा सर्व्हर रुसतो आणि ॲपची पाचावर धारण बसते.

म्हणून ताईने एक खोटा मेल सर्व्हर बनवला होता. वरून बघाल तर खऱ्यासारखाच, पण निरोप पोचवणं हे त्याचं काम नव्हतं. वेगवेगळ्या तऱ्हांनी नाही म्हणणं हे त्याचं काम. नवीन ॲप आलं की त्याचे सगळे निरोप आधी इकडे वळवायचे, आणि नकार मिळाल्यावर ते कसं वागतं ते बघायचं. या खोट्या सर्व्हरचं नाव होतं रुसूबाई.

रुसूबाई राहायची ताईच्या टेबलाखाली, एका जुन्या कंप्युटरच्या डब्यात. डबा मुळात पांढरा असावा. आत पंखा घरघरायचा आणि एक बाजू कायम कोमट असायची. थंडीच्या दिवसांत ताई चपला काढून त्या बाजूला पाय टेकवून बसायची आणि तशीच जगभरातल्या ॲपना रडवायची.

रुसूबाईच्या रुसण्याच्या चार तऱ्हा होत्या आणि त्यांना नावं होती नात्यांची. आजोबा, आजी, आत्या आणि काका. ऑफिसात सगळे तसंच बोलायचे. हे ॲप आजीत पास झालं, आत्यात अडकलं. आजोबा लावून बघितलं का, काका आठवड्याने लावू. नवीन आलेल्या माणसाला पहिले काही दिवस कळायचंच नाही, की आपण कंपनीत नोकरीला लागलोय की कुणाच्या घरी सोयरीक जमवायला आलोय.

आजोबा लावले, की प्रत्येक निरोपाला एकच उत्तर मिळायचं: आत्ता नाही, उद्या ये. शहाणं ॲप मुकाट्याने मागे फिरतं, जरा थांबून परत येतं, तरी नाही म्हटलं तर अजून जास्त थांबून येतं. अडाणी ॲप दारातच उभं राहून कडी वाजवत सुटतं. एका ॲपने तर आजोबांना असं भंडावून सोडलं, की टेबलाखालचा पंखा किंचाळायला लागला. ते बनवणाऱ्या पोराला ताईने बोलावून घेतलं आणि विचारलं, की दुपारच्या झोपेत कडी वाजवणाऱ्याला आमच्या घरी काय मिळायचं ते ठाऊक आहे का. त्याला ठाऊक नव्हतं. तिनेही सांगितलं नाही, पण संध्याकाळपर्यंत त्याचं ॲप थांबायला शिकलं.

आजी लावली, की उत्तर यायचं: असं कोणी इथे राहत नाही. अशा वेळी ॲपने तो पत्ता बाजूला काढायचा आणि मालकाला कळवायचं. आणि आत्या लावली, की रुसूबाई निरोप अर्धा ऐकून घ्यायची आणि काही न बोलता निघून जायची. मग ॲप बिचारं गोंधळायचं, की किती ऐकलं, काय ऐकलं, परत सांगू की नको. काही ॲप तर घाबरून तोच निरोप तीन-तीनदा सांगत बसायची.

हे सगळं ताईने मनाने रचलेलं नव्हतं. ती ज्या घरात वाढली, ते घर असंच होतं. आई-वडील तिला कळायच्या आत गेले, आणि मग आजोबा, आजी, आत्या आणि काका अशा चौघांनी मिळून तिला वाढवलं. एका अरुंद रस्त्यावर वरच्या मजल्याच्या तीन खोल्या होत्या आणि खाली काकांचं शिलाई मशिनं दुरुस्त करायचं दुकान. आजोबांना काहीही मागा, ते डोळे न उघडता म्हणायचे, उद्या ये. वहीपासून सुट्टीपर्यंत सगळं उद्यावर. आजीचा नियम असा, की दारात कोणीही आलं आणि कोणाचंही नाव घेतलं, तरी असं कोणी इथे राहत नाही म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं. एकदा आजोबांचे शाळेतले मित्र आले. आत आजोबा घोरत होते, जिन्यापर्यंत ऐकू येत होतं, आणि आजी दारात उभी राहून शांतपणे सांगत होती, की असे कोणी गृहस्थ इथे राहत नाहीत. मित्र खाली जाऊन रस्त्यावर जरा वेळ उभे राहिले, घोरणं ऐकलं आणि निघून गेले. आत्याचं काय, तिला राग यायचा. का यायचा ते विचारायची सोय नव्हती. तुम्ही बोलत असताना ती अर्ध्या वाक्यावर उठायची आणि आतल्या खोलीत जायची, आणि तुमचं उरलेलं अर्धं वाक्य तुमच्याच तोंडात राहायचं.

काका या सगळ्यांत गोड. आयुष्यात त्यांनी कुणाला नाही म्हटलं नाही. बाया आपली शिलाई मशिनं घेऊन यायच्या, सुई तुटतेय म्हणायच्या, दोरा गुंततोय म्हणायच्या, आणि काका मान वर करून हसून म्हणायचे, "हो हो, झालंच समजा." बाई खूश होऊन जायची. मशीन फळीवर जाऊन बसायचं ते तिथेच. दुकानभर तेलाचा वास, भिंतीला टेकलेली मशिनं, त्यांच्या मानेला बांधलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या पिवळ्या पडलेल्या. महिन्यांनी बाई परत यायची, भांडायच्या तयारीने पदर खोचून. काका तिला स्टूल द्यायचे, चहा मागवायचे, तिच्या सुनेची चौकशी करायचे आणि म्हणायचे, हो हो, झालंच समजा. ती परत खूश होऊन जायची. काम तेवढं व्हायचं नाही.

ताई लहान असताना तिला फळ्यावरचं दिसेनासं झालं. शाळेतल्या बाईंनी सांगितलं, हिला चष्मा लागेल. आजोबा म्हणाले, उद्या बघू. आजी म्हणाली, आपल्या घरात कुणाला चष्मा नाही, अशा मुली इथे राहत नाहीत. आत्या ऐकता ऐकता उठून गेली. काका म्हणाले, हो हो, झालाच समज. त्यांनी तिला डोळे तपासायलाही नेलं, हे विशेष. पण दुकानातून तयार चष्मा आणायचं काम राहिलं ते राहिलंच. किती दिवस गेले कुणास ठाऊक. तिने विचारणं सोडून दिलं आणि पुढच्या बाकावर बसून अंदाजाने लिहायला लागली.

आणि एके दिवशी भूगोलाचा तास चालू असताना वर्गाच्या खिडकीत काका दिसले. म्हणजे एक ढगळ सदरा दिसला आणि तेलाचा वास आला, त्यावरून ते काका. त्यांनी गजांतून हात आत घातला आणि चष्मा तिच्या बाकावर ठेवला. तिने तो डोळ्यांवर चढवला आणि आधी बाहेर बघितलं. शाळेच्या आवारातलं झाड तिला रोज दिसायचं, हिरव्या ढिगासारखं. त्या दिवशी तिला त्याची पानं दिसली. सुटी सुटी, एकेक वेगळं हलणारं पान. ती बघतच राहिली. मान वळवली तोवर काका निघून गेले होते, आणि घरी गेल्यावर त्यांना पानांचं सांगायचं राहून गेलं. काका तेव्हापासून तिला भिंगू म्हणायला लागले.

पुढे ती नोकरीसाठी घर सोडून निघाली, तो दिवसही तिला असाच पाठ होता. तिच्या पत्र्याच्या पेटीची कडी तुटली होती. झाकण उघडं पडत होतं. काका म्हणाले, माझ्याकडे मशिनचा चामडी पट्टा आहे, तो आवळून बांधला की पेटी फुटेल पण उघडायची नाही. तू हो पुढे स्टँडवर, मी पट्टा घेऊन आलोच. ती पुढे झाली. बस लागली, माणसं चढली, कंडक्टरने घंटा मारली. ती खिडकीतून रस्त्याच्या टोकाकडे बघत राहिली. मग बस सुटली. पूर्ण प्रवास तिने पेटी मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी झाकण दाबून केला. उतरली तेव्हा बोटं सरळ होत नव्हती.

म्हणून रुसूबाईतली चौथी तऱ्हा काका. आणि खरं सांगायचं तर हीच सगळ्यांत वाईट. आजोबा, आजी, आत्या निदान तोंडावर तरी कळवतात, की काम होणार नाही. काका प्रत्येक निरोपाला म्हणतात, हो हो, झालंच समज, आणि निरोप गिळून टाकतात. ॲप खुशीत. त्याला वाटतं पोचलं. तिकडे ज्याला निरोप हवाय तो माणूस वाट बघत बसलाय. काकांवर इलाज एकच, आणि तो ताई प्रत्येक नव्या माणसाला शिकवायची: सर्व्हर हो म्हणाला यावर जाऊ नका. पोचलं की नाही, ते घेणाऱ्याने सांगायचं असतं. घेणाऱ्याला तसं सांगायची सोय तुमच्या ॲपमध्ये ठेवा.

काका या तऱ्हेत एक खोड होती. सगळे निरोप गिळता गिळता रुसूबाई अधूनमधून एखादा खरोखरच पोचवायची. कधी आणि कोणता, याचा काही नेम नाही. ताईच्या शेजारी बसणाऱ्या लांब्याने, जो तिच्याबरोबर वर्षानुवर्षं काम करत होता, हजारदा विचारलं असेल, की ताई, ही चूक काढून टाकू का. गिळायचं तर सगळं गिळू दे. ताई म्हणायची, ती चूक नाही, तशीच राहू दे. का, ते तिने त्याला कधी सांगितलं नाही. चष्मा नाकावर सरकवायची आणि पुढच्या कामाला लागायची.

वर्षं गेली. आजोबा गेले, मग आजी, मग आत्याही गेली, तीसुद्धा कुणाशी तरी बोलता बोलता अर्ध्यावर. उरले काका. दुकान बंद झालं तरी ते त्याच तीन खोल्यांत राहात. ताई दर आठवड्याला फोन करायची, दर वेळी म्हणायची एकदा माझ्याकडे या, आणि दर वेळी काका म्हणायचे, हो हो, आलोच समज. आले कधीच नाहीत. तिचंही जाणं कमी होत गेलं. तिला घराची आठवण आली, की ती टेबलाखालचा डबा सुरू करायची. एखादं ॲप आत सोडायची आणि पडद्यावर उत्तरं वाचत बसायची. उद्या ये. असं कोणी इथे राहत नाही. माणसं गेली पण त्यांचं नाही म्हणणं तिथे जसंच्या तसं होतं, आणि ते वाचताना तिला त्या तीन खोल्यांतला उजेडसुद्धा आठवायचा. हे वेडेपण तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

मग तिची निवृत्ती आली. आणि कंपनीने ठरवलं, की आता असली कामं करणारी तयार सेवा विकत मिळते, तेव्हा हा जुना डबाही ताईबरोबरच बंद करू. ताई वरवर म्हणाली, बरंच झालं. जेवणाच्या सुट्टीत मात्र ती जागेवरून हलली नाही.

निरोपाच्या कार्यक्रमाला घरच्यांना बोलवायची पद्धत होती. ताईचं घरचं म्हणजे काका. तिने फोन केला, दिवस सांगितला, वेळ सांगितली. काका म्हणाले, हो हो, आलोच समज. ताई निर्धास्त झाली. आता बघा, जिने आयुष्यभर लोकांना बजावलं, की काकांचा काही नेम नाही, एखादं पोचतं, तीच बाई खऱ्या काकांच्या बाबतीत धरून चालली, की येणार नाहीत म्हणजे नाहीत. असली चूक तिच्या हाताखालच्या पोराने केली असती, तर तिने त्याला उभा सोलला असता.

त्या दिवशी दुपारी खालून फोन आला, की ताई, काका आलेत. ताई म्हणाली, काका आज कुणी लावले, मी तर आत्या लावून ठेवली होती. पलीकडून रखवालदार म्हणाला, की लावायचं काय त्यात, म्हातारे गृहस्थ आहेत, खुर्चीवर बसलेत, पाणी प्यायले. ताईने फोन ठेवला आणि आधी भिंतीकडे बघितलं.

तिला भीती एकाच गोष्टीची होती. या ऑफिसात काका म्हणजे गोड बोलून तोंडाला पानं पुसणारा. भिंतीवर कुणीतरी गमतीने लावलेला कागदसुद्धा होता, "काकांवर विश्वास ठेवू नका". त्या घरातलं आता एकच माणूस उरलं होतं, आणि त्याच्या स्वभावाचं तिने चारचौघांत हसं करून ठेवलं होतं. हे त्यांना आज, इथे, या वयात कळलं तर ते काही बोलणार नाहीत. हसून हो हो म्हणतील, घरी जातील, आणि मग फोनवरसुद्धा हो हो म्हणत राहतील. आपल्याकडे मनाचं दार मात्र लावून घेतील. तिला त्यांचं ते हो हो नको होतं.

लांब्याने कागद फाडला. सगळ्यांच्या कानात सांगून झालं, की आज तो शब्द काढायचा नाही. मंडळी इतकी सावध झाली, की त्या तऱ्हेला "ते चौथं" म्हणायला लागली आणि खुद्द काकांना हाक मारायची वेळ आली तर "अहो, ते हे" म्हणायला लागली.

काका आले ते थेट तिच्या टेबलापाशी. वाकले होते, सदरा तसाच ढगळ. भिंगू म्हणाले, डोक्यावर हात ठेवला आणि मग टेबलाखालच्या घरघरीकडे कान लावला. आयुष्य मशिनांत गेलेलं, त्यांना पंख्याचा आवाज पटला नाही. हे काय बिघडलंय, विचारू लागले. ताईने सांगितलं, की बिघडलेलं नाही, मुद्दाम बिघाड करायला ठेवलेलं आहे. काका खुर्ची ओढून बसले. म्हणाले, म्हणजे लोक माझ्याकडे बिघडलेलं आणून द्यायचे आणि तू स्वतःच बिघडवून देतेस, शाबास, धंदा तुझाच चांगला. दाखव म्हणाले, कसं रुसतं ते.

नाही कसं म्हणणार? तिने पहिली तऱ्हा लावली, नाव झाकून. पडद्यावर उमटलं: आत्ता नाही, उद्या ये. काकांनी वाचलं, परत वाचलं, आणि खांदे हलवून हसायला लागले. हे तर आमचे दादा, तुझे आजोबा, म्हणाले. दुसरं लावलं. असं कोणी इथे राहत नाही. काका डोळे पुसायला लागले, हसून की कशाने ते सांगता येणार नाही. ते घोरण्याचं आठवतं का, विचारलं. तिसरं लावलं, उत्तर मध्येच तुटलं, आणि काका मानेने आतल्या खोलीची दिशा दाखवल्यासारखं करून थांबले. सगळं घर त्या पडद्यावर येऊन बसलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "आणि मी कुठे आहे?"

लांब्याने खोटं सांगायची तयारी केलेली दिसत होती, त्याने तोंडही उघडलं होतं. पण काकांच्या चेहऱ्याकडे बघून ताईच्या लक्षात आलं, की आपण चुकीच्या गोष्टीला घाबरत होतो. सगळं घर आत आहे आणि आपण एकटेच बाहेर राहिलो की काय, असा तो चेहरा होता. तिने चौथी तऱ्हा लावली, नाव न झाकता. काकांच्या समोर कळफलक सरकवला आणि म्हणाली, माझ्या पत्त्यावर काहीही लिहून पाठवा.

त्यांनी एका बोटाने काय लिहिलं ते तिला दिसलं नाही. पाठवलं. पडद्यावर आलं: हो हो, झालंच समज.

काकांनी पडद्यावरच्या उत्तरावर बोट ठेवलं. मग म्हणाले, पोचत नाही ना हे. ताई म्हणाली, नाही पोचत. एखादं पोचतं. कोणतं ते माझ्याही हातात नाही. का ठेवलंस तसं, त्यांनी विचारलं. तिने नाकावरचा चष्मा दाखवला. काकांना काही कळलं नाही. कुठला चष्मा, म्हणाले. खरंच विसरले होते ते. जे केलं ते विसरले होते आणि जे केलं नाही ते लक्षात होतं.

"स्टँडवर आलो नाही मी त्या दिवशी," काका म्हणाले. "पट्टा हातात होता गं. दुकानात एक बाई मशीन घेऊन बसली होती, तिला नाही म्हणवेना."

काकांनी परत पाठवलं. हो हो, झालंच समज. परत पाठवलं. तेच. जुन्या कारागिराचा हात, एकदा बसला की उठत नाही. लांब्याने काकांच्या पाठीमागून ताईला खुणेने विचारलं, मी आतून सोडवू का, एकच आकडा बदलायचाय. ताईने मान हलवली. काकांचं पोचायचं असेल तर काकांसारखंच पोचू दे.

तेवढ्यात मोठ्या खोलीतून बोलावणं आलं. साहेब येऊन उभे होते, खुर्च्या भरल्या होत्या, केक कापायचा होता. ताई म्हणाली, काका चला. काका पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "तू हो पुढे. मी आलोच."

तिच्या बोटांना ती पेटी आठवली. तरी ती पुढे झाली, दुसरं काय करणार. पहिल्या रांगेत तिच्या घरच्यांसाठी ठेवलेली खुर्ची रिकामी राहिली. साहेब बोलायला उभे राहिले आणि सुरुवातीपासून सुरू झाले, म्हणजे कंपनीच्या. ताई ऐकत नव्हती. ती दाराकडे बघत होती, जशी कधीकाळी रस्त्याच्या टोकाकडे बघत होती. एवढी म्हातारी झाले, तिने स्वतःला बजावलं, आता तरी पुरे कर. डोळ्यांत पाणी आलं ते लोकांना कार्यक्रमाचं वाटलं, दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या.

साहेब बोलता बोलता तिने मोडलेल्या पहिल्या ॲपपर्यंत आले होते, तेव्हा तिच्या पर्समधला फोन वाजला. बंद करायला म्हणून तिने तो बाहेर काढला. मेल आली होती. पाठवणारी रुसूबाई. आत एकच शब्द होता.

आलो.

तिने दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं. आणि मग तिला कळलं, की कोणी येणारही नाही. ही तऱ्हा तिनेच बनवली होती. निरोप गिळला काय आणि पोचला काय, पाठवणाऱ्याला दोन्ही वेळा तेच दिसतं. काका अजून त्या खुर्चीवर बसून एका बोटाने पाठवत असतील, तेच ते हो हो वाचत असतील, आणि आपलं पोचलंय हे त्यांना जन्मात कळणार नाही.

ताई उठली. साहेबांचं वाक्य अर्ध्यावर होतं, ते तसंच त्यांच्या तोंडात राहिलं. खुर्च्यांच्या मधून वाट काढत, कुणाच्या पायावर पाय देत ती बाहेर पडली आणि तिच्या खोलीत गेली. काका तिथेच होते. पडद्यावर वरपासून खालपर्यंत हो हो, हो हो, आणि त्यांचं बोट परत खाली येत होतं.

"काका," ती म्हणाली, "पोचलं."

त्यांनी मान वळवली. खरं वाटलं नाही त्यांना. मला तर तेच दिसतंय, म्हणाले. तिने फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी तो लांब नेऊन, जवळ आणून वाचला.

"तुम्हाला तेच दिसणार," ताई म्हणाली. "पोचलं की घेणाऱ्याने सांगायचं असतं. मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही."

मग ती टेबलापाशी खाली बसली, त्या कोमट डब्याला टेकून, आणि तिने त्यांना चष्म्याचं सांगितलं. भूगोलाचा तास, खिडकीचे गज, बाकावर ठेवलेला चष्मा आणि झाडाची सुटी सुटी पानं. काका लहान मुलासारखे ऐकत होते, मध्ये एकदा म्हणाले, मी आणला होता का, खरंच? लांब्या बोलवायला आला तो दारातच थांबला. साहेबांनी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, की ताई आणि काका येतायत, केक कापून ठेवा.